मुख्य मुडदी

वेचणी सुरू झाली की माझ्या पार्लरात सामसूम होते. दिवाळीची गर्दी सरलेली असते, तुळशीचं लग्न अजून लागायचं असतं, आणि मधल्या दिवसांत बायका शेतात असतात. आर्णीच्या बसस्टँडमागे माझं दुकान आहे. एक मोठा आरसा, दोन फिरत्या खुर्च्या, भिंतीवर मी सजवलेल्या नवरी मुलींचे फोटो. दुपारी दारात उभी राहिले की कापसाने फुगलेल्या गाड्या बाजाराकडे जाताना दिसतात. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात. गाडी गेली तरी थोडा कापूस हवेत तरंगत असतो, तो माझ्या काउंटरवर, कंगव्यांवर, पावडरच्या डब्यावर येऊन बसतो. इतर लोकांना या दिवसांत बरं वाटतं. मला मात्र दरवर्षी याच सुमाराला जळायला होतं.

जळणं हाच शब्द बरोबर आहे. असूया, मत्सर हे शब्द भाषणात शोभतात. मला होतं ते बेंबीच्या जरा वर होतं आणि त्यावर इनो घेऊन उपयोग नसतो. आणि हे सगळं एका बाईपायी, जी आमच्या शेतात रोजाने कापूस वेचायला यायची. तिचं नाव पंचफुला. आमच्यात वाद शेताचा नव्हता, मजुरीचा नव्हता. सिनेमात मुख्य मुडदी कोण होणार, एवढाच होता. वाद तरी कसला म्हणू, तो मी एकटीच घालत होते.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. आमचं गाव आर्णीपासून जवळच, अरुणावती नदीच्या बाजूला. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीला आलेली, हिरवीगार, बोंडांनी वाकलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं काय पीक आहे. जवळ जाऊन बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची आणि कापूस पिवळट, कवडी होऊन कवचाला चिकटलेला असायचा. वेचायला हातात काही येत नव्हतं. ज्या दिवसांत गावातल्या बायकांना पाणी प्यायला सवड नसते त्या दिवसांत त्या ओट्यांवर बसून होत्या. इतकी बोलणारी तोंडं एका वेळी गप्प मी कधी पाहिली नव्हती. माझा नवरा विलास रोज सकाळी बांधापर्यंत जायचा आणि शेतात पाय न टाकता परत यायचा.

अशा वेळी माझ्या दिराला सिनेमा काढायचं सुचलं. प्रशांत लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्याकडे एक बरा कॅमेरा, दोन लाइट आणि परदेशी भुताखेतांचे सिनेमे पाहून पाहून भरलेलं डोकं होतं. त्याला मेलेली माणसं उठून चालतात असा सिनेमा करायचा होता. नाव ठरलं ‘पऱ्हाटीतले मुडदे’. त्याने विलासला विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते.

“दादा, तुमची पऱ्हाटी दहा-बारा दिवस उभी ठेवा ना. मोडू नका.”

“कायले?”

“मुडदे चालवाचे हायेत त्याच्यातून.”

विलासने ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता हा भावाला चार शब्द सुनावणार. पण तो म्हणाला, “चालव. कोनी तरी चालन तिथून.” पुढच्या सोमवारी ट्रॅक्टर यायचा होता, तो त्याने पुढे ढकलला. बस, तेवढीच आमच्या सिनेमाची मुदत.

मेकअप माझ्याकडे येणार हे उघड होतं. पण प्रशांत त्याच रात्री जेवताना म्हणाला, “वहिनी, मुख्य मुडदी तुमीच.” हे वाक्य त्याच्या लक्षात नसेल. मला त्याच्या ताटात त्या वेळी काय होतं तेही आठवतं, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी.

माझं माहेर महागावचं. शाळेत स्नेहसंमेलन म्हटलं की मी ठरलेली. झाशीची राणी मी, शेतकऱ्याची शहाणी बायको मी, एका वर्षी तर झाडसुद्धा मीच, आणि त्या झाडाला टाळ्या पडल्या होत्या. लग्न झालं आणि मी आरशाच्या मागच्या बाजूला गेले. हे आमच्या धंद्यातल्या बायकांनाच कळेल. आरशात दोघी दिसतात, खुर्चीतली आणि तिच्या मागे उभी असलेली. खुर्चीतली स्वतःकडे बघते, तिच्यासोबत आलेल्या बायका तिच्याकडे बघतात, मीही तिच्याकडेच बघते. मागे उभी असलेली बाई वर्षानुवर्षं रोज आरशात असते आणि कोणालाही दिसत नाही. म्हणून प्रशांतचं ते वाक्य मला लागलं. मेलेली का होईना, मी दिसणार होते.

पहिल्या दिवशी चालण्याची परीक्षा झाली. वस्तीतल्या वीसेक बायका, काही म्हातारे, कॉलेजात जाणारी दोन मुलं असे सगळे बांधावर उभे. एकेकाने बांधापासून विहिरीपर्यंत मेल्यासारखं चालायचं. लोक हसत होते, कितीतरी दिवसांनी हसत होते. मी मोबाइलवर पाहून घरी सराव केला होता. दोन्ही हात पुढे, मान एका बाजूला, तोंड उघडं, घशातून आवाज. प्रशांत “भारी, वहिनी” म्हणाला. प्रशांत सगळ्यांनाच भारी म्हणतो, लग्नात नवरदेवाच्या काकालाही म्हणतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मग पंचफुलाची पाळी आली. ती विहाराकडच्या वस्तीतली, माझ्याच वयाची, नवरा गवंडीकाम करणारा. वेचणीत तिचा हात धरणारी गावात कोणी नव्हती. ती चालायच्या आधी थांबली आणि तिने विचारलं, “प्रशांतभाऊ, हे मुडदे चालतेत कायले?”

“भूक लागली त्यायले.”

“नुसत्या भुकेनं मानूस झोपून राह्यते. उठून चालते म्हंजे काई काम बाकी असन.”

तिने लुगड्याचा पदर पोटाशी ओढून वेचणीच्या ओटीसारखा बांधला आणि चालू लागली. हात पुढे नाहीत, आवाज नाही. दिवसभर वेचून ओटी भरली की बाई जशी घराकडे येते तशी ती चालली. कंबर वाकलेली, एक हात पोटावरच्या ओझ्याखाली, पाय जमिनीवरून न उचलता ओढलेले. फक्त ओटी रिकामी होती. त्या वर्षी त्या शेतात, त्या रिकाम्या ओटीखाली धरलेला तो हात पाहून हसणारे सगळे गप्प झाले. विलास तोंड फिरवून विहिरीत बघायला लागला.

मुख्य मुडदी ठरली. प्रशांतने मला बाजूला घेऊन समजावलं, “वहिनी, तुमी मागच्या रांगेत राहा. अन् तोंडं रंगवाचं काम तुमच्याबिगर कोन करन?” मी म्हटलं, हाव, काही हरकत नाही. हरकत नाही हे दोन शब्द माझ्या तोंडून जितके सहज निघतात तितकं दुसरं काही निघत नाही.

तेव्हापासून मी तिला पाहायला लागले. तिच्याकडे घेण्यासारखं काय आहे याची मोजदाद करायला लागले. रंग उन्हाने रापलेला, टाचा फुटलेल्या, भुवया कधी कोरलेल्या नाहीत. पण ती बोलायला लागली की लोक हातातलं काम थांबवायचे. ती नसली तरी तिचंच बोलणं चालायचं. मी पार्लर दुपारी बंद करून, डबा भरून, ऊन डोक्यावर घेऊन शेतात पोचायचे तर सगळ्यांचा पहिला प्रश्न, “पंचफुला आली काय?” आणखी एक सांगून टाकते. आर्णीतली एखादी डॉक्टरीणबाई माझ्या जागी उभी राहिली असती तर मी इतकी जळले असते का? नसते. आमच्या शेतात रोजाने येणारी, मला “वहिनी, तुमी” म्हणणारी आणि मी जिला “तू” म्हणते ती माझ्या पुढे गेली, हे मला गिळवत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

मुडद्यांचं तोंड कसं करायचं ते मीच शोधून काढलं होतं. मैद्याची पातळ खळ शिजवायची, तिच्यात मुलतानी माती आणि चिमूटभर हळद. ती तोंडावर लावून वर पऱ्हाटीतला तोच कवडी झालेला कापूस चिकटवायचा, वाळला की कातडी सोलल्यासारखी दिसायची. डोळ्यांखाली काजळ. रक्त म्हणजे आलत्यात काळ्या चहाचं पाणी. ज्या कापसाला बाजारात कोणी हात लावत नव्हतं तो मी टोपलीभर वापरला. विलास एकदा म्हणाला, यावर्षी कापूस घेनारी तू एकलीच. तो हसला होता की नव्हता, मला आठवत नाही.

मुख्य प्रसंगाच्या दिवशी प्रशांतने सांगितलं, “पंचफुलाबाईचं तोंड अर्धंच सडवा, वहिनी. डावं. उजवं माणसाचं राहू द्या. लोकायले समजलं पाहिजे का ही बाई कोन होती.” मी मान हलवली. पंचफुला शेजारीच उलट्या घमेल्यावर बसली होती, डोळे मिटून, तोंड वर करून. इतक्या जवळून मी तिचा चेहरा पहिल्यांदाच बघत होते. कपाळावर एक जुना व्रण, ओठाच्या कडेला हसरी रेघ. पाहणाऱ्याने बघतच राहावं असा तो चेहरा होता, आणि मला, जिने शेकड्यांनी चेहरे हाताळलेत तिला, हे कळणार नाही तर कोणाला कळणार.

मी डावी बाजू केली. मग बोटं खळीत बुडवली आणि उजवीकडे गेले. गाल, हनुवटी, कपाळ, नाक. कापसाचा एक थर, वर दुसरा. उजवा डोळा जवळजवळ बुजवला. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. काम संपलं तेव्हा तिथे पंचफुला नव्हती. कोणीही असू शकलं असतं. मीसुद्धा.

प्रशांत आला आणि थबकला. “अर्धंच म्हनलं होतं ना?”

“ऐकण्यात चुकलं माझ्या. धुऊन काढू का?”

त्याने सूर्याकडे पाहिलं. ऊन उतरत होतं आणि ट्रॅक्टर उद्या येणार होता. “राहू द्या,” तो म्हणाला. मग मी स्वतःचं तोंड रंगवायला बसले. मागच्या रांगेतली मुडदी. स्वतःला मात्र मी जरा बेतानेच सडवलं. थोडी पावडर, थोडं काजळ. ओळखू आले पाहिजे ना.

त्या संध्याकाळचं ऊन मला अजून दिसतं. आडवं, पिवळं, पऱ्हाटीच्या पानांच्या मधून येणारं. खळ वाळून सगळ्यांचे चेहरे ताणलेले, कोणाला खाज सुटलेली, कोणी शिंक दाबून धरलेली. प्रशांत इतकी वर्षं लग्नांचं शूटिंग करून आलेला, तो सवयीने ओरडला, “सगळे इकडे पाहा, थोडं हसा.” सगळे मुडदे खदखदून हसले. पुन्हा सगळं जुळवावं लागलं. मग आम्ही चाललो. पंचफुला सगळ्यांत पुढे. प्रशांत तिच्यासमोर उलटा चालत होता. अचानक त्याने कॅमेरा खाली तिच्या कमरेपाशी नेला आणि तिथेच ठेवला. मी मागे होते, मला फक्त तिची पाठ दिसत होती. तिथे खाली काय आहे ते मला समजेना. प्रशांत “कट” म्हणायचंच विसरला. आम्ही विहिरीपर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने पऱ्हाटी मोडली. संध्याकाळपर्यंत रान सपाट झालं.

सिनेमा आम्ही पाहिला तो आर्णीच्या एका मंगल कार्यालयात. मालक प्रशांतच्या ओळखीचा, त्याने एक मोकळी दुपार दिली. खिडक्यांना मांडवाचे पडदे लावून अंधार केला. खुर्च्यांवर लग्नातल्या पांढऱ्या खोळी तशाच होत्या. मी निळी पैठणी नेसून गेले होते. प्रशांतचा हात लग्नाच्या सवयीतून सुटला नव्हता, एका मुडद्याचं तोंड गुलाबाच्या पाकळ्यांमधून उमललं आणि सगळे हसले. मग मागची रांग आली. मी दिसले. चांगली तीन-चार सेकंद दिसले. कोरलेल्या भुवया, हलकीशी लिपस्टिक, जी लावल्याचं मला आठवतही नव्हतं, हात आपोआप गेला असणार. मागून कोणीतरी म्हणालं, “ही मुडदी लग्नातून उठून आली काय बे?” हॉलभर हशा फुटला. विलाससुद्धा हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला.

आणि मग ती आली. चेहरा नसलेली. माझ्या हाताने पुसलेली. मी वाट पाहत होते की कोणीतरी विचारेल, ही कोण आहे? पण कॅमेरा खाली गेला, तिच्या हातांवर थांबला. एक हात ओटीखाली. दुसऱ्याची बोटं चालत होती. हवेत, जिथे काही नव्हतं तिथे, पाचही बोटं बोंडात शिरत होती, कापूस ओढत होती, ओटीत टाकत होती. न चुकता, न थांबता. अर्धं मिनिट तरी पडद्यावर तेवढंच होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईची बोटं मांडीवर हलायला लागलेली मी पाहिली. मागून बारीक आवाज आला, “पंचफुला हाय ते.” मग सगळीकडून, पंचफुला, पंचफुला. तोंड बघून ज्यांनी मला ओळखलं ते मला हसले. तिला तोंडच नव्हतं आणि तिला सगळ्यांनी ओळखलं.

प्रशांतने तो सिनेमा पांढरकवड्यापर्यंत नेला. तिथल्या हायवेवरच्या एका ढाब्यावर ट्रकवाल्यांनी मोबाइलवर पाहिला म्हणे, आणि ढाबेवाला पुढच्या खेपेला विचारत होता, ती बोटंवाली कशी आहे? बोटंवाली. अजूनही वेचणी आली की कोणीतरी तेवढाच तुकडा स्टेटसला ठेवतं. मी तो दरवर्षी पाहते. पूर्ण पाहते. आणि दरवर्षी मला वाटतं, त्या दिवशी मी अर्धंच तोंड केलं असतं तर? लोक तिच्या उजव्या गालाकडे पाहत बसले असते, हाय-हुय केलं असतं आणि विसरले असते. कोण जाणे. स्वतःला एवढं बरं वाटेल असं काही म्हणायचा मला हक्क नाही, आणि मला त्याने बरं वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी पार्लरचं दार लोटून पंचफुला आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला बाहेर काढून आली, मी म्हटलं राहू दे, तरी. बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे, केसांत कापूस.

“पोरीचं लगन हाय, वहिनी. येत्या रविवारी. यवतमाळले सिस्टर हाय ना ते. शूटिंग प्रशांतभाऊच करून राह्यला.”

“बस. काय करू? फेशियल करू?”

“मले काय समजते त्याच्यातलं. पन यावेळी तोंड दिसलं पायजे.”

माझ्या हातातला कंगवा तिथेच थांबला. ती आरशातून माझ्याकडे पाहत होती, रागाने नाही.

“प्रशांतभाऊनं अर्धंच सांगतलं होतं,” ती म्हणाली. “मी तिथंच बसून होती.”

“मग बोलली काहून नाही?” शहरातली माझी भाषा अशा वेळी गळून पडते.

“तुमचा हात थरथरून राह्यलता. म्हनलं, असन बाईले कायचा तरी तरास.” ती थोडी हसली. “मंग इचार केला, तोंड तं गेलं. आता हातच राह्यले. म्हनून बोटं चालवली. नाईतं मले काय सुचलं असतं?”

माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर ती खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून, तोंड वर करून बसली होती. घमेल्यावर बसली होती तशीच.

मी डब्यातून कापूस काढला. गुलाबपाण्यात भिजवला आणि तिचं कपाळ पुसलं. मग गाल, हनुवटी, नाकाच्या कडा. कापूस मातकट झाला, दुसरा घेतला. व्रण होता तिथेच होता. ओठाच्या कडेची हसरी रेघ आता खोल झाली होती. क्रीमची बाटली उघडली आणि पुन्हा लावून ठेवली. त्या चेहऱ्यावर मला करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि बेंबीच्या वर तीच जुनी आग होती, रतीभरही कमी नाही.

“झालं,” मी म्हटलं. “डोळे उघड.”

तिने डोळे उघडले आणि आरशात पाहिलं. आरशात आम्ही दोघी होतो. मी बाजूला झाले.